सखी डाव्या हाताला विचारत नाही

अभ्यासक्रम सुधारायचा म्हणजे काय करायचं, याबद्दल समितीत कधीच मतभेद नसत. घटक दोनचा घटक तीन करायचा, 'ओळख'च्या जागी 'परिचय' घालायचा, आणि प्रस्तावनेत 'बदलत्या काळाची गरज' एकदा तरी येतेय ना ते बघायचं. भाग्यश्री डोईफोडे या कामात मुरलेली होती. निमखेडच्या अध्यापक महाविद्यालयात ती भावी शिक्षकांना 'शैक्षणिक तंत्रज्ञान साक्षरता' हा विषय शिकवायची. राज्याच्या समितीत तिची वर्णी लागली होती, कारण समितीवर एक तरी प्रत्यक्ष शिकवणारं माणूस असावं असा नियम होता.

माणसांचा जमाखर्च मांडायची तिला खोड होती. कोण कुणाच्या विनोदाला हसतो आणि ते हसू पुढे कुठल्या ठरावात वसूल होतं, हे ती चहा गार व्हायच्या आत सांगू शकली असती. अध्यक्ष डॉ. सरोदे काही बोलले की टेबलाच्या डाव्या अंगाला बसलेले दोघे आधी हसत. पुढच्या प्रत्येक उपसमितीत ते दोघे असत.

"मॅडम, घटक पाच तुमच्याकडे," सरोदे म्हणाले. "'वर्गसखीचा प्रभावी वापर'. फार खोलात जाऊ नका. आपली पोरं बिचारी आधीच दमलेली असतात."

"आत्ताच्या घटकात काय आहे माहितीये का सर? सखी चार्ज कशी करावी, तिचं भिंग कुठल्या फडक्यानं पुसावं, आणि आलेख हिरवा दिसला की समाधान कसं मानावं."

"तो शेवटचा मुद्दा नाहीये त्यात."

"छापलेला नाहीये. पण परीक्षेत तोच येतो."

डावीकडच्या दोघांनी आधी अध्यक्षांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि हसायचं राहू दिलं.

सरोदेंनी मग ठेवणीतली बातमी काढली. सखी हे यंत्र ज्या पाठांवर शिकलं, त्यांतला सर्वांत मोठा वाटा तळेगव्हाणच्या शाळेतल्या चित्रित पाठांचा होता, असं कंपनीनं कळवलं होतं. त्या पाठांना आता 'डोईफोडे पाठमाला' असं नाव मिळणार होतं, आणि नव्या अभ्यासक्रमाच्या उद्घाटनाला त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकांचा, म्हणजे भाग्यश्रीच्याच नवऱ्याचा, प्रसन्न डोईफोडे यांचा सत्कार ठरला होता.

"घरचाच मान आहे," सरोदे म्हणाले. "घटक कसा छान गोड लिहा आता."

प्रसन्ननं ती बातमी ऐकली आणि संध्याकाळी कपाटातला बंद गळ्याचा कोट काढून गॅलरीत वाळत घातला. तो ओला नव्हता. पण शेजाऱ्यांना दिसायला हवा होता.

*

वर्गसखी म्हणजे फळ्याच्या वर बसवलेला एक डोळा आणि शिक्षकाच्या कानातलं एक बटण. डोळा वर्गावर फिरत राहतो. कुणाची नजर कुठे किती रेंगाळली, मान कुणाची खाली गेली, हात किती झटकन वर आला, कुजबुज कुठल्या कोपऱ्यातून उठली, हे सगळं तो टिपतो. शिक्षकाला हे सारं एका वेळी दिसणं शक्य नसतं. सखीला दिसतं, आणि ती कानात सांगते: आता उदाहरण द्या. आता खिडकीजवळच्या मुलाला विचारा. आता पुढे चला.

हे शहाणपण तिला कुणी नियम म्हणून शिकवलेलं नव्हतं. तिला हजारो पाठांची चित्रणं दाखवली होती. कुठला पाठ उत्तम आणि कुठला सुमार, याच्या चिठ्ठ्या तज्ज्ञांनी आधीच लावून ठेवल्या होत्या. उत्तम पाठात कुठल्या क्षणी काय घडलं की पुढचा क्षण सुरळीत जातो, याच्या खुणा तिनं आपल्या आपण शोधल्या. त्या खुणा नेमक्या कुठल्या, हे तिच्या निर्मात्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. समजणं म्हणजे काय, हे सखीला ठाऊक नव्हतं. चांगला तास दिसतो कसा, एवढंच तिला ठाऊक होतं.

निकाल मात्र झकास होते. तास रेंगाळत नव्हते. मुलं उभी राहून गप्प होत नव्हती. तासाच्या शेवटी पडद्यावर 'आकलन निर्देशांक' उमटे आणि तो बहुधा हिरवा असे. भावी शिक्षकांच्या सराव पाठांचे निम्मे गुण त्याच निर्देशांकावर ठरत.

*

सराव पाठाच्या वेळी निरीक्षकानं शेवटच्या बाकावर, मुलांच्या शेजारी बसायचं, ही जुनी रीत. वहीत 'फलकलेखन सुधारावे' असा शेरा मारायचा, हीसुद्धा. फळ्यांच्या जोडीला पडदे आले, तरी हा शेरा जागचा हलला नव्हता.

त्या सोमवारी अक्षता मुळूक या विद्यार्थिनीचा पाचवीच्या वर्गावर अपूर्णांकांचा पाठ होता. अक्षता हुशार होती आणि घाबरट होती, त्यामुळे सखी सांगेल ते तंतोतंत करायची. प्रश्न विचारला की वर्गातले सगळे हात वर जात, ती एकाचं नाव घेई, आणि उत्तर बरोबर येई. भाग्यश्रीनं शेऱ्यासाठी पेन उघडलं.

तिच्या शेजारी तेजल नावाची दोन वेण्यांची मुलगी बसली होती. तीही प्रत्येक प्रश्नाला हात वर करत होती. उजव्या हातात पेन्सिल धरून ती वहीच्या कोपऱ्यात मांजर काढत होती, आणि वर जात होता तो डावा हात.

"डावखुरी आहेस का गं?" भाग्यश्रीनं हळूच विचारलं.

"नाही."

"मग डावा का?"

तेजलनं बाईंकडे दयेनं पाहिलं. "येत नसलं की डावा करायचा."

"हे कुणी सांगितलं? बाईंनी?"

"नाही हो. सखी डाव्याला विचारतच नाही. उजवा केला की विचारते. हातच नाही केला तर बाईंच्या कानात सांगते, ती झोपलीये म्हणून." तिनं मांजराला मिशा काढल्या. "सगळ्यांना माहितीये."

"बाईंना माहितीये?"

"त्यांना कशाला माहिती असेल? त्यांच्या कानात ती असते ना."

भाग्यश्रीनं मान वर केली. खिडकीपाशी तीन डावे हात होते. दाराजवळ दोन. मधल्या रांगेत एक मुलगा आधी उजवा वर करून, मग घाईघाईनं बदलून डावा करत होता. तास संपला तेव्हा समोर पडद्यावर निर्देशांक हिरवागार झाला होता.

ही युक्ती तिच्या ओळखीची होती. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत प्रसन्ननं ती सगळ्यांना रंगवून सांगितली होती, आणि भाऊबीजेच्या ताटावर बसलेली माणसं ठसका लागेपर्यंत हसली होती. साहेब तपासणीला आले की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येणाऱ्यानं उजवा, न येणाऱ्यानं डावा. गुरुजी उजव्यालाच विचारणार. साहेब खूश.

*

दुसऱ्या दिवशी तिनं अक्षताला कानातलं बटण काढून टेबलावर ठेवायला लावलं.

"मॅडम, पण माझे गुण..."

"या पाठाचे गुण मी देणार. तेजलला विचार, एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश किती."

तेजल उभी राहिली. डावा हात तिनं आधीच वर केला होता. तो लपवावा की काय, तिला कळेना.

"दोन सप्तमांश," ती म्हणाली.

अक्षता 'चूक' म्हणायला तोंड उघडत होती. भाग्यश्रीनं मागून नुसती मान हलवली. मग अक्षतानं अवघडून विचारलं, "कसं काय गं?"

"एका घरात तिघांत एक भाकरी. दुसऱ्या घरात चौघांत एक. दोन्ही घरं एकत्र जेवायला बसली. भाकरी दोन, माणसं सात. म्हणजे प्रत्येकाला दोन सप्तमांश."

वर्गात कुणी हसलं नाही. उलट तिघाचौघांनी माना डोलावल्या. त्यांचंही तेच गणित होतं. अक्षता फळ्यापाशी उभी राहिली. तिचा खडू हातातच राहिला. मुलगी चुकली होती, पण तिच्या चुकीला बूड होतं, भिंती होत्या, वर छप्पर होतं. काल हाच धडा अक्षतानं हिरव्या निर्देशांकात संपवला होता.

तिनं फळ्यावर दोन भाकरी काढल्या. एक तिघांत वाटली, एक चौघांत. मग विचारलं की एकच माणूस दोन्ही घरी जेवला तर? तास संपला तरी वाद संपला नव्हता. फळ्यावरच्या डोळ्यानं इमाने इतबारे हिशेब केला आणि निर्देशांक लाल दाखवला.

"मॅडम," अक्षता रडवेली होऊन म्हणाली, "आत्तापर्यंतच्या माझ्या सगळ्या पाठांत ही पोरं अशीच बसली होती का हो?"

भाग्यश्री तडक कार्यालयात गेली आणि तिनं सखीच्या मूळ पाठांतलं एक चित्रण लावलं. तळेगव्हाणची शाळा, तपासणीचा दिवस, काळे केस असलेला प्रसन्न, खणखणीत आवाज, एकही तोतरा क्षण नाही. तिनं आवाज बंद केला आणि फक्त हात बघितले. डाव्या हातांची मुलं तासभर समाधानी चेहऱ्यानं बसून होती. एकालाही त्यानं विचारलं नव्हतं.

यंत्रानं तेच उचललं होतं, आणि यंत्राची सवय मुलांनी उचलली होती. मधल्या काळात गुरुजी निवृत्त झाले, साहेब निवृत्त झाले. युक्ती मात्र नोकरीत कायम होती.

*

संध्याकाळी प्रसन्न भुईमुगाच्या शेंगा सोलत बसला होता. तिनं सगळं सांगितलं. तो मध्येच हसला, मग हसू आवरलं, मग सोलणंही थांबलं.

"आता तुझं म्हणणं काय? मी फसवलं?"

"मी कुठं तसं म्हणतेय?"

"तुझ्या नाकावर दिसतंय ते." त्यानं टरफलं बाजूला सारली. "चारचौघांत उभं राहायचं आणि सगळा वर्ग आपल्याकडे बघतोय, हे काय असतं तुला कसं कळणार? तू पहिल्या बाकावरची. मी शेवटच्या. माझ्या गुरुजींनी एकदा साहेबांपुढं मला उभं केलं. दोन दिवस शाळेत गेलो नाही. मी ठरवलं, माझ्या वर्गात कुणाची अब्रू जाणार नाही. डावा हात म्हणजे माझ्याशी खाजगी बोलणं होतं त्यांचं."

"खाजगी बोलणं झाल्यावर पुढं काय करायचात?"

"साहेब गेले की दुसऱ्या दिवशी पहिला तास डाव्या हातांचा. कोण अडलंय, मला एका नजरेत कळलेलं असायचं. व्हरांड्यात घेऊन बसायचो त्यांना. एकेकाचं काय अडलंय ते बघायचो."

भाग्यश्री चमकली. एवढ्या वर्षांत हा अर्धा भाग त्यानं कधी सांगितला नव्हता. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून असेल.

"त्याचं चित्रण?"

"व्हरांड्याचं चित्रण कोण करतं?"

"म्हणजे सखीनं अर्धीच युक्ती पाहिली."

"मग? दोष माझा का?"

तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. माणूस खरं बोलत होता. पण सगळं बोलत होता का, याची तिला शंका होती. "दर वेळी बसायचात व्हरांड्यात?"

तो शेंगा चाळवत राहिला. "सुरुवातीला दर वेळी."

"आणि नंतर?"

"नंतर शाळा आदर्श झाली." त्यानं हातातली शेंग फोडली. "मग साहेबच फार यायला लागले."

तिनं विषय तिथे सोडायला हवा होता. सोडला नाही. "समितीपुढं हे सांगाल? एका पोरीच्या सांगण्यावर ते विश्वास ठेवायचे नाहीत. डाव्या हाताचा अर्थ ज्यानं लावून दिला त्यानंच सांगायला हवं. नाहीतर राज्यातला प्रत्येक नवा शिक्षक कानात बटण घालून उजव्या हातांनाच शिकवत राहील."

"माझा सत्कार मीच माझ्या तोंडानं मोडू? नातेवाइकांना फोन झालेत भाग्या. गावातून दोन गाड्या निघणार आहेत." तो उठला. "घटक तुमचा आहे ना? तुम्ही लिहा, मॅडम."

त्या दिवसापासून तो घरात तिला 'मॅडम' म्हणू लागला. मॅडम, मीठ द्या. मॅडम, गॅसवाला आलाय. शब्द आदराचा होता, म्हणून तर जास्त झोंबत होता. त्याचं नाव घेऊन समितीत बोलायला तिला कुणी अडवलेलं नव्हतं. पण ती गोष्ट त्यानं घरात, विश्वासानं सांगितलेली. ती त्याच्या मागे वापरली तर घरात जे खर्ची पडेल, ते पुन्हा जमेला येणार नाही, एवढा हिशेब तिला येत होता. तिनं घटक लिहिला. त्यात तेजल होती, भाकरी होत्या. नवऱ्याचं नाव नव्हतं.

*

पुढच्या बैठकीला सरोदेंनी प्रसन्नलाही बोलावलं होतं, सत्काराची रूपरेषा ठरवायला. तो कोट घालून आला आणि बायकोपासून दोन खुर्च्या सोडून बसला.

सरोदेंनी घटकाची पानं उलटली. "'बटण काढून घ्यावयाचा पाठ.' 'न विचारलेल्या मुलांची नोंद.' मॅडम, एका मुलीच्या डाव्या हातावर राज्याचा अभ्यासक्रम उभा करायचा? योगायोग असेल तो. आपण असं करू, ऐच्छिक ठेवू."

"ऐच्छिक म्हणजे छापताना गळतो तो घटक, सर."

"योगायोगासाठी एवढं पुरे."

डावीकडचे दोघे हसले. भाग्यश्रीनं पानं जुळवायला घेतली. तिच्याजवळ बोलण्यासारखं आणखी एकच होतं, आणि ते तिचं नव्हतं.

"योगायोग नाही तो," प्रसन्न म्हणाला.

सगळे वळले. तो उभा राहिला नाही. बसूनच, कोटाचं वरचं बटण काढत बोलला. "डावा हात मी शिकवलाय. माझ्या वर्गांना. साहेबांसाठी. तुमच्या यंत्रानं जे उत्तम म्हणून बघितलंय ना, ती आमची तपासणीच्या दिवसाची तयारी आहे."

मग टेबलाच्या टोकाला बसलेले निवृत्त शिक्षणाधिकारी खाकरले. "आमच्या तालुक्यात मूठ होती. येत असेल तर पंजा, नसेल तर मूठ." कुणीतरी म्हणालं, "आमच्याकडे एक बोट." सगळ्यांना एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता सगळेच ओशाळले. कारण चांगल्या पाठांच्या चिठ्ठ्या लावणारे तज्ज्ञ म्हणजे याच टेबलाभोवतीची माणसं होती.

सरोदे सावरले. "ठीक आहे. कंपनीला सांगू. पुढच्या सुधारणेत सखी डाव्या हातांनाही विचारेल. प्रश्न मिटला."

"करा की," प्रसन्न म्हणाला. "पोरं आठवड्यात दुसरं काहीतरी काढतील. खोकतील, पेन्सिल पाडतील. तुमच्या यंत्रापेक्षा त्यांना जास्त निकड असते, सर. त्यांची अब्रू पणाला लागलेली असते."

"मग आम्ही शिक्षकांना शिकवायचं तरी काय?"

त्यानं भाग्यश्रीकडे पाहिलं नाही, पण उत्तर तिच्यासाठी सोडून दिलं, हे तिला कळलं.

"यंत्र जिथं शिकलं तिथं कॅमेरा कुठं होता, आणि कुठं नव्हता, हे विचारायला शिकवायचं," ती म्हणाली. "वर्गात होता. व्हरांड्यात नव्हता. एवढं ज्याला विचारता आलं तो साक्षर. बाकी चार्जिंग कुणीही करतं."

घटक पाच अनिवार्य झाला. सत्कार 'तूर्त पुढे ढकलण्यात आला', आणि तूर्त म्हणजे काय हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं. सरोदेंनी जाता जाता एक अट घातली: पहिल्या तुकडीला हा घटक डोईफोडे सरांनीच शिकवावा. शिक्षा की सन्मान, ते त्यांच्या चेहऱ्यावरून समजत नव्हतं. गावाकडच्या गाड्या प्रसन्ननं स्वतः फोन करून रद्द केल्या. प्रत्येक फोनला त्यानं कारण खरं सांगितलं, त्यामुळे फोन लांबत गेले.

*

पहिल्या तासाला तो साध्या शर्टात आला. भाग्यश्री रीतीप्रमाणे शेवटच्या बाकावर बसली. घरात अजून 'मॅडम' चालूच होतं.

त्यानं सगळ्यांची बटणं टेबलावर जमा केली. सखी कशी शिकते ते सांगितलं. तळेगव्हाणचं चित्रण दाखवलं, कोण डावा, कोण उजवा, नावानिशी सांगितलं. व्हरांडा सांगितला, आणि व्हरांडा कधी रिकामा राहायला लागला तेही सांगितलं. मग विचारलं, "समजलं?"

"हो सर," सगळा वर्ग म्हणाला.

"कुणाला नाही समजलं?"

माना खाली. शिक्षक व्हायला आलेली ही मंडळी. इतकी वर्षं वर्गांत बसून एवढं तर शिकलीच होती. अक्षता मुळूक पेनाचं टोपण काढघाल करत होती. प्रसन्नची नजर मागच्या बाकावर गेली.

"डोईफोडे मॅडम. तुम्ही इतकी वर्षं शिकवताय. मुलाला समजलं, हे तुम्हाला कशावरून कळतं?"

वर्ग वळून बघायला लागला. सूड घेतोय, भाग्यश्रीच्या मनात आलं. आणि हिशेबानं तो त्याचा हक्कच होता. ती उभी राहिली. उत्तर तर तयार होतं. चेहऱ्यावरून, म्हणणार होती. पण तेजलचा चेहरा मांजर काढताना किती समाधानी होता! उत्तरावरून, म्हणणार होती. पण बरोबर उत्तरं अक्षताच्या वर्गात ढिगानं होती. लेखी परीक्षेवरून, असंही एक मनात आलं, ते तिनं आपल्या आपणच गिळलं. एकामागून एक उत्तरं तोंडाशी यायची आणि मोडायची. तिनंच लिहिलेला घटक तिच्यासमोर बाकावर उघडा पडला होता, आणि त्यात हे कुठेच नव्हतं.

"नाही सांगता येत, सर," ती म्हणाली.

तिनं प्रसन्नच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण शोधली. पहिल्यांदाच तिला त्या चेहऱ्यावरचं काहीही वाचता आलं नाही.

"सर," अक्षता म्हणाली, "मलापण नाही सांगता येत."

खिडकीपाशी आणखी एक मुलगा पुटपुटला. मग त्याच्या मागची.

प्रसन्ननं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, बाकांच्या मधल्या वाटेत ठेवलं आणि त्यावर बसला. भाग्यश्री खाली बसायला लागली तर त्यानं हातानं थांबवलं.

"थांब. कुठं अडतंय ते सांग," तो म्हणाला. "तू आधी. मग ही."